जुन्या घराचा खोडवा : थोडक्या मोडतोडीत सोप्याचे दुकान

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आपण नेहमी लागण, बेणेमळा, खत-पाणी, खोडवा अशा विषयांवर बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. ऊस नोंदीला आणि प्लॉट पाहणीला गावोगाव हिंडताना एक प्रश्न अलीकडे वारंवार कानावर येतो. "साहेब, आम्ही मळ्यात राहायला गेलो. गावातलं जुनं घर पडून आहे. रस्त्याला तोंड आहे. पाडून तिथं गाळा काढावा म्हणतो, पोराला नाहीतर सुनेला दुकान होईल. तुमचं मत काय?"

प्रश्न रास्त आहे. सुरू ऊस बारा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांचा आणि आडसाली सोळा ते अठरा महिन्यांचा. एवढे दिवस राबल्यावर हाती पैसा येतो आणि तो सोसायटी, खत, लग्नकार्य यांत वाटला जातो. घरात रोज चार पैसे खेळते राहिले तर संसाराला आधार होतो. शिकलेली पोरे-सुना घरात आहेत, त्यांच्या हाताला काम मिळते. तेव्हा दुकान काढण्याचा विचार चांगलाच आहे. माझे म्हणणे फक्त 'पाडून' या एका शब्दाबद्दल आहे.

लागण मोडायच्या आधी आपण काय करतो? खोडवा धरता येतो का ते पाहतो. खोडव्याला नांगरट नको, सरी नको, बेणे नको. बुडखे जमिनीलगत छाटले, नांग्या भरल्या, पाचट न जाळता सरीत दाबले की थोडक्या खर्चात पीक उभे राहते. मात्र मूळ लागणच विरळ आणि रोगट असेल तर जाणता शेतकरी खोडव्याच्या नादी लागत नाही. जुन्या घराचेही अगदी तसेच आहे. बहुतेक जुन्या घरांचा सोपा हा मुळातच दुकानाजोगा असतो. रस्त्याला तोंड, पुढे ओटा, जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात गारवा, भिंतीत देवळ्या. मग पाडायचे कशाला? थोडी डागडुजी करावी आणि राहिलेला पैसा मालात घालावा, हेच या लेखाचे सांगणे आहे.

बांधकाम हा काही माझ्या पदविकेचा विषय नव्हे. अशी बरीच घरे पाहून आणि जुन्या गवंडी-सुतारांना विचारून जे समजले ते इथे मांडतो. जिथे भिंतीला किंवा तुळईला हात लावायची वेळ येईल तिथे जाणता गवंडी किंवा इंजिनिअर दाखवल्याशिवाय पहार उचलू नये.

घर कशावर उभे आहे?

आपल्याकडची जुनी घरे दोन तऱ्हेची. एक खणाची घरे. यात दगडी उथळ्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर लग आणि वर माळवद किंवा कौले. छपराचे ओझे खांब पेलतात. दुसरी भिंतीवरची घरे. यात तुळईचे टोक सरळ भिंतीत घुसवलेले असते आणि सगळे ओझे भिंतीवर येते. आपले घर कोणत्या तऱ्हेचे हे ओळखायला इंजिनिअरच लागतो असे नाही. सोप्यात उभे राहा, मान वर करा आणि प्रत्येक तुळईचे टोक कुठे टेकले आहे ते पाहा. ज्या भिंतीवर तुळई टेकली आहे ती भिंत ओझ्याची. तिला फोडायचे नाही, एवढे पक्के लक्षात ठेवा.

आता पाहणी. प्लॉटची पाहणी करतो तशीच करायची, घाई करायची नाही.

(१) खांब आणि तुळया : हातोडीने हलके ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, वाळवीने खाल्लेल्या लाकडाचा बद्द येतो. खांबाचा तळाचा एक फूट आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक, या दोन जागा सगळ्यांत आधी कुजतात. तिथे चाकूचे टोक टोचून पाहा. सहज आत गेले तर सुतार बोलवा.

(२) भिंती : जुनी दगडी भिंत दोन-तीन फूट रुंद असते, पण ती एकसंध नसते. आत एक थर, बाहेर एक थर आणि मध्ये माती व चिपांची भर. दोन्ही थर बांधून ठेवायला आरपार जाणारे लांब दगड असावे लागतात. ते नसले तर बाहेरचा थर हळूहळू सुटतो, म्हणजे भिंतीला पोट येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती बहुतांशी अशाच भिंती आणि त्यांवरचे जड माळवद अंगावर कोसळून. आपल्या पश्चिम भागालाही ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप माहीत आहे. तेव्हा पोट आलेल्या भिंतीकडे काणाडोळा नको. भिंतीला चीर असेल तर तिच्यावर आडवा चुन्याचा टिळा लावून शेजारी तारीख लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत टिळा तडकला तर भिंत अजून हलते आहे असे समजावे.

(३) छप्पर : कौलारू घरात गळतीचे डाग पाहा आणि डागाच्या वरचे लाकूड तपासा. माळवदाच्या घरात मातीचा थर किती जाड झाला आहे ते मोजा. गळती दिसली की दरवर्षी नवी माती टाकायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्याने गळती थांबते, पण ओझे वाढत जाते. वरची जास्तीची माती उतरवून घेणे हे पुष्कळदा सगळ्यांत आधी करायचे आणि सगळ्यांत स्वस्त काम असते. माती उतरवताना मात्र ती माळवदावरच एका जागी ढीग करून ठेवू नका.

(४) ओल : पूर्वी घराचे जोते रस्त्यापेक्षा दोन हात उंच होते. रस्त्यावर दर चार-पाच वर्षांनी खडी, डांबर, काँक्रीट पडत गेले आणि रस्ता वर आला. आता पावसाचे पाणी भिंतीच्या पायात मुरते. भिंतीच्या तळाला गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागला असेल, पोपडे सुटत असतील तर त्याचे कारण बहुधा हेच.

(५) पुराचे पाणी : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी उभे राहिले, तिथल्या मातीच्या भिंती वरून सुकलेल्या दिसल्या तरी आतली माती वाहून पोकळी झालेली असू शकते. अशा घराची तपासणी इंजिनिअरकडूनच करून घ्यावी.

भिंतीला पोट आले आहे आणि तुळयांची टोकेही कुजली आहेत, अशी दोन्ही लक्षणे एकदम दिसली तर मी स्पष्ट सांगतो, खोडवा धरू नका. ते घर दुकानाला कामाचे नाही. दुकान म्हणजे परक्या माणसांची वर्दळ. त्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर येते. पण बाकी घर भक्कम आहे आणि एखादाच खांब किडला आहे, तर तेवढा खांब बदलून घ्यावा. ऊस विरळ झाला तिथे आपण नांगी भरतो, अख्खा प्लॉट नांगरत नाही.

आधी कागद, मग पहार

या बाबतीत आपली मंडळी फार ढिली आहेत म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर आजोबांचे नाव असते. आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली असतात आणि घर चार भावांचे सामाईक असते. कुणी मळ्यात, कुणी पुण्याला. घर पडीक आहे तोवर कुणाचे काही म्हणणे नसते. तिथे दुकान चालू लागले, गल्ल्यात पैसा दिसू लागला की हिस्से आठवतात. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तेव्हा बहिणींनाही विचारले पाहिजे. ओवाळणीच्या ताटात साडी घालून हा प्रश्न मिटत नाही.

उपाय सोपा आहे. वारस नोंद पूर्ण करून घ्या. सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवून कोण दुकान चालवणार, डागडुजीचा खर्च कुणाचा, इतरांना भाडे द्यायचे की नाही, हे लेखी करा आणि सह्या घ्या. वकिलाला दाखवून केले तर उत्तम. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवरील नावे आणि हद्द तपासून घ्या. बँकेकडे कर्जाला जायचे झाल्यास ती उपयोगी पडते. बांधकामात बदल करायचा तर ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी, आणि ओटा किंवा पायरी रस्त्यात पुढे सरकवू नये. आज कुणी बोलणार नाही, पण रस्ता रुंदीकरणात पहिला घाव तिथेच पडतो.

दुकानासाठी लागणारे बाकीचे कागदही आधीच पाहून ठेवा. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लागते. वजनकाटा वेळच्या वेळी वैधमापन विभागाकडून तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. मोजक्या माणसांच्या छोट्या दुकानाला २०१७ च्या दुकाने कायद्याखाली नोंदणीचा खटाटोप नाही, ऑनलाइन सूचना देऊन भागते. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. तिच्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका.

करायची कामे सहाच

पाहणी झाली, कागद झाले. आता प्रत्यक्ष कामे. माझ्या मते सहा कामांत सोप्याचे दुकान होते.

पहिले काम तोंडाचे. दुकान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दहा फुटी लोखंडी शटर येते. त्यासाठी पुढची भिंत फोडतात, वर लोखंडी गर्डर टाकतात आणि शटर रोज धाडकन वर-खाली होऊ लागते. मातीच्या भिंतीला तो हादरा सोसत नाही. त्यापेक्षा आहे तो दरवाजा आणि आहे ती खिडकी वापरा. खिडकीवर आडवे लाकूड किंवा दगड असतो, तो वरचे ओझे दोन्ही बाजूंना टाकतो. खिडकीची रुंदी न वाढवता फक्त खालची भिंत काढून ती कमरेइतकी खाली आणली तर वरच्या ओझ्याला धक्का लागत नाही आणि माल देण्या-घेण्याचा छान कट्टा तयार होतो. रुंदी वाढवायला गेलात की ते काम गवंड्याच्या हातून इंजिनिअरच्या हातात जाते, खर्च चौपट होतो. बंद करायला जुन्या बाजारपेठेत असत तशा क्रमांक घातलेल्या लाकडी फळ्या, आतून आडवा लोखंडी अडसर. सुतार जागेवर करून देतो.

दुसरे काम पाण्याचे. रस्ता वर आला म्हणून घरात भर घालून जमीन उंच करू नका. त्याने भिंतीचा आणखी भाग ओल्या मातीत गाडला जातो आणि दरवाजे बुटके होतात. त्याऐवजी बाहेर भिंतीलगत उताराची पक्की गटार काढा, पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर पाडा आणि उंबरा थोडा उंच करा. ओट्याच्या पायऱ्या उंच असतील तर मध्ये एक घडीव दगड टाकून पायरी सोपी करा, बाजूला धरायला नळीचा कठडा लावा. म्हातारी माणसे तुमच्याच दुकानात येतील.

तिसरे काम गिलाव्याचे. इथे सगळ्यांत जास्त पैसा फुकट जातो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचे कवच चढले की ओल आत कोंडते, ती वर चढत जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत कवचासकट मातीचा थर सुटून येतो. माती, भुसा आणि शेण यांचा चांगला कुजवलेला चिखल, त्यावर दोन-तीन हात चुना. गोठ्याला आपण जे करतो तेच. जोत्याची दर्ज निघाली असेल तर ती चुन्यात भरून घ्यावी. चुन्याने सोपा उजळतो, कीडही कमी होते, आणि दरवर्षी दसऱ्याला घरच्या माणसांनीच हात फिरवला तरी चालतो.

चौथे काम उजेडाचे. जुन्या सोप्यात अंधार असतो आणि अंधाऱ्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. कौलारू घरात चार-सहा काचेची कौले बसवा, दिवसभर दिवा लागणार नाही. माळवदाला झरोका असेल तर तो साफ करून वर काच आणि बाजूने जाळी लावा. नवे भोक मात्र पाडू नका. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या तर माल कोंदट होत नाही.

पाचवे काम मांडणीचे. भिंतीत खिळे, पाचर, मोठे ब्रॅकेट ठोकू नका. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही आणि भिंत खिळखिळी होते. आपल्या पायांवर उभे राहणारे रॅक घ्या. भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा, म्हणजे मागे हवा खेळेल आणि वाळवीची माती लगेच दिसेल. लहान डबे, साबण, वह्या यांना देवळ्या आणि कोनाडे आहेतच. घरातले जुने कपाट, पेटी, दुभत्याची फळी टाकून देऊ नका. पाचट जसे सरीत ठेवतो तसे जुने लाकूड घरातच जिरवावे.

सहावे काम विजेचे. जुन्या घरातल्या वायरी बहुधा जुनाट, त्याही लाकडावरून गेलेल्या. त्या सगळ्या काढून परवानाधारक वायरमनकडून पट्टीतून नवी वायरिंग करून घ्या. अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय फ्रीज लावू नका. घरगुती मीटरवर दुकान चालवण्याआधी महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारा आणि जे कनेक्शन लागेल तेच घ्या. नंतर दंडाचे बिल येण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

एवढीच कामे. फरशी, छताला पीओपी, काचेचे दार यांची पहिल्या वर्षी गरज नाही. कोबा किंवा शहाबादी फरशी शाबूत असेल तर धुऊन पुसून तीच वापरावी.

माल ठेवताना

पोत्याचे ओझे लक्षात घ्या. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक टन. ते ओझे माडीवर किंवा पोटमाळ्यावर चढवू नका. जुन्या लगी कडबा आणि कणग्या सांभाळायला होत्या हे खरे, पण तेव्हा त्यांचे वयही तेवढे होते. जड माल खाली जमिनीवर, विटांवर टेकवलेल्या फळ्यांवर ठेवावा.

घुशी आणि उंदीर हे दुकानाचे न बोलावता आलेले भागीदार. उसाच्या फडाजवळच्या गावात तर घुशी पाया पोखरतात. बिळात काचेचे तुकडे आणि दगडाच्या चिपा ठासून वरून सिमेंटने तोंड बंद करावे. वाळवीसाठी शेतातले औषध आणून घरात फवारू नये. ते काम माहितगाराकडून करून घ्यावे आणि आधी ओल काढावी. ओल राहिली तर वाळवी परत येतेच.

आपण शेतकरी, तेव्हा दुकानात खते-औषधेही ठेवावीत असे वाटते. त्यासाठी कृषी खात्याचे वेगवेगळे परवाने लागतात आणि शिक्षणाची अटही आहे. परवाना मिळाला तरी कीटकनाशक आणि खाण्याचा माल एका खोलीत, एका दारातून कदापि नको. डाळीच्या पोत्याशेजारी औषधाची बाटली फुटली तर काय होईल याचा विचार करा. सोप्यात किराणा काढायचा असेल तर औषधांचा नाद सोडा. तसेच पिठाची गिरणी किंवा कांडप यंत्र मातीच्या भिंतीला लागून बसवू नका. रोजच्या हादऱ्याने दर्जा सुटतात. गिरणीला परसात वेगळा पाया आणि वेगळी पत्र्याची शेड हवी.

पैशाचा हिशेब

एक हिशेब करून पाहू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, हाताशी ४ लाख रुपये आहेत.

पहिला सभासद घर पाडून गाळा बांधतो. त्यात साडेतीन लाख जातात. माल भरायला उरले ५० हजार. महिन्यात तेवढा माल एकदा विकला गेला आणि शंभराला दहा सुटले तर महिन्याला ५ हजार रुपये मिळाले. त्यातून वीजबिल, टेम्पोभाडे. शिवाय अर्धी फळी रिकामी दिसते, म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते.

दुसरा सभासद सोप्याची डागडुजी ८० हजारांत करतो. मालाला टप्प्याटप्प्याने २ लाख ४० हजार लावतो आणि ८० हजार गाठीला ठेवतो. तसाच माल फिरला तर महिन्याला २४ हजार. अर्थात हे आपोआप होत नाही. गावाची गरज जेवढी तेवढाच माल फिरतो. म्हणून पहिल्या महिन्यात सगळा पैसा मालात ओतू नये. काय खपते ते पाहून भरत जावे. पण मुद्दा असा, की भिंत काही विकत नाही. विकला जातो तो माल.

गाठीला ठेवलेल्या ८० हजारांचे कारण म्हणजे उधारी. ऊसपट्ट्यात दुकान काढायचे आणि उधारी द्यायची नाही असे म्हणून चालत नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे बिल द्यायचे असते, पण ऊस फडात उभा असतो ते महिने लांब असतात. त्या महिन्यांत गिऱ्हाईक वही पुढे करते. तेव्हा प्रत्येक घराला किती उधारी द्यायची याची मर्यादा आधीच ठरवा आणि सगळ्यांची मिळून गाठीच्या रकमेपुढे जाऊ देऊ नका. हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात, रोजचा किराणा नेतात, धंदा चांगला होतो. पण पट्टा पडला की टोळी रातोरात गाव सोडते. टोळीशी व्यवहार शक्यतो रोखीचा ठेवावा.

घरातली माणसे

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही, पण तितकाच महत्त्वाचा. सोपा ही काही रिकामी जागा नसते. घर पडीक नसेल तर तिथे आजोबांची खाट असते, पाहुण्यांची बैठक असते, उंबऱ्याशी बायकांचे धान्य निवडणे असते. सोप्याचे दुकान झाले की घराच्या दारातून दिवसभर परकी माणसे ये-जा करतात. आतल्यांना मोकळेपणाने वावरता येत नाही आणि आजोबांची खाट गोठ्याकडे जाते. हे काही बरे दिसत नाही.

म्हणून सगळा सोपा दुकानाला देऊ नका. एक-दोन खण दुकानाला द्या आणि एक खण घराला ठेवा. मध्ये लाकडी फळ्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा आडपडदा घाला, उद्या काढता येईल असा. घरच्यांना परसदाराकडून वाट मोकळी असावी. आजोबांची खाट दुकानाच्या बाजूच्या खणात ठेवली तर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी त्यांच्या गप्पा होतात आणि दुकानावर लक्षही राहते. दुकान कोण चालवणार हे ज्याने चालवायचे त्याला विचारून ठरवा. सुनेच्या नावावर दुकान आणि गल्ल्याची किल्ली सासऱ्याच्या कमरेला, असे असेल तर ते फार दिवस चालत नाही.

वेळापत्रक

मातीची आणि चुन्याची कामे कोरड्या दिवसांत करावीत. ज्यांना पुढच्या दसरा-दिवाळीला दुकान उघडायचे आहे त्यांनी साधारण असा क्रम ठेवावा.

जानेवारी ते फेब्रुवारी : घराची पाहणी, चिरेवर टिळे, हिस्सेदारांची बैठक, वारस नोंद.

मार्च : गवंडी आणि सुतार यांच्याकडून वेगवेगळे लेखी अंदाज, ग्रामपंचायतीची परवानगी.

एप्रिल ते मे : माळवदाची माती उतरवणे किंवा कौले चाळणे, खांब बदलणे, खिडकीचा कट्टा, गटार, गिलावा. मृगाच्या आत छपराचे काम पुरे झाले पाहिजे.

जून ते ऑगस्ट : काही करू नका, फक्त पाहा. गळती कुठे, ओल किती चढते, टिळे तडकले का. एक पावसाळा घराची परीक्षा घेतो, त्याच्याइतका खरा इंजिनिअर नाही.

सप्टेंबर : उरलेली डागडुजी, चुना, वायरिंग, रॅक, परवाने. मग थोडा माल भरून दुकान उघडावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे गळीत हंगाम, म्हणजे गावात माणसांची वर्दळ.

दोन-तीन वर्षे दुकान चांगले चालले, पैसा साठला आणि जागा अपुरी पडू लागली, तर नवा गाळा जरूर बांधा. तो दुकानाच्या कमाईतून बांधलेला असेल, उसाच्या बिलातून नव्हे. आणि दुकान नाहीच चालले, तर रॅक उचलले, आडपडदा काढला की सोपा पुन्हा सोपा. वाडवडिलांचे घर जागेवर आणि डोक्यावर कर्ज नाही.

ज्या सभासदांना याबाबत अधिक बोलायचे असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात ओव्हरसियरकडे नाव नोंदवावे. प्लॉट पाहणीला त्या गावी येईन तेव्हा घरही पाहू. मात्र आपल्या भागातले जुने गवंडी आणि सुतार हाताशी आहेत तोवर त्यांना आधी घर दाखवून ठेवा. माती, चुना आणि खणाच्या कामाची जाण असलेली ही माणसे गावोगाव कमी होत चालली आहेत.